पडद्यावरचे सत्त्याण्णव

बाटलीत पाणी भरून परत येताना श्वेताची नजर नर्सेस स्टेशनवरच्या मोठ्या स्क्रीनकडे गेली. सवयीनंच गेली, कारण तो स्क्रीन तिच्याच कंपनीनं बसवला होता. मजल्यावरच्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी मॉनिटर होता, मॉनिटरला एक छोटा बॉक्स जोडलेला होता आणि तो बॉक्स पेशंटचे आकडे वायफायवरून इथे पाठवायचा. तिच्या वडिलांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत ऑक्सिजन सत्त्याण्णव दिसत होता. तिला बरं वाटलं. आतड्याचं एवढं मोठं ऑपरेशन होऊनही माणूस शांत झोपला होता.

खोलीत आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. श्वेतानं बाटली ठेवली आणि सहज मॉनिटरकडे पाहिलं. तिथे अठ्ठ्याऐंशी होता.

पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही. आकडा स्क्रीनवर यायला थोडा वेळ लागतो, एवढंच तिच्या मनात आलं. पण अठ्ठ्याऐंशीचे सत्त्याऐंशी झाले आणि तिला दिसलं की बाबांचा मास्क हनुवटीवर घसरलाय, तोंड उघडं आहे आणि छाती हलतेय की नाही ते कळत नाही.

"बाबा." तिनं मास्क वर ओढून नाकावर बसवला आणि त्यांचा खांदा हलवला. "बाबा, उठा. श्वास घ्या."

शालिकरामांनी डोळे अर्धे उघडले. दुखू नये म्हणून सकाळी दिलेल्या इंजेक्शनची गुंगी अजून उतरली नव्हती. "काय झालं वं," ते पुटपुटले आणि त्यांचे डोळे परत मिटायला लागले.

"झोपू नका. मोठा श्वास घ्या. आई, सिस्टरले बोलाव."

रुखमाबाई दचकून उठली आणि चप्पल न घालताच बाहेर पळाली. कौशल्या सिस्टर लगेच आल्या. त्यांनी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना फोन लावला. आकडा हळूहळू चढत नव्वदीच्या वर गेला. डॉक्टर येऊन इंजेक्शनची मात्रा कमी करून गेले. "वेळेवर लक्ष गेलं," ते म्हणाले.

खोल्यांतल्या मॉनिटरचा आवाज या हॉस्पिटलमध्ये बंदच ठेवत. पेशंटची झोप मोडू नये म्हणून अलार्म फक्त बाहेर, स्टेशनवर वाजायचा. कंपनीनं हॉस्पिटलला पटवताना हीच सोय सगळ्यांत आधी सांगितली होती.

"सिस्टर, बाहेर अलार्म वाजला होता का?" श्वेतानं विचारलं.

"नाही. वाजला असता तर मीच आली असती ना."

दोघी बाहेर आल्या. स्क्रीनवर आता शालिकरामांचा आकडा पंच्याण्णव होता, खोलीतल्यासारखाच.

"बरोबर तर दाखवून राहिला," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमचंच आहे ना हे मशीन?"

"हो," श्वेता म्हणाली. आपण सत्त्याण्णव पाहिला होता, हे ती शपथेवर सांगू शकली असती, पण दाखवायला आता काहीच नव्हतं.

तिनं अर्णवला फोन केला. कंपनी लहान होती. पलंगाशेजारच्या बॉक्सचं काम अर्णवकडे होतं आणि स्टेशनवरच्या स्क्रीनचं श्वेताकडे. अर्णवनं ऑफिसातून बाबांच्या बॉक्समध्ये शिरून सगळं तपासलं. "जोडलेला आहे. सिग्नल छान आहे. मी त्याला सारखी हाक मारतोय आणि तो लगेच उत्तर देतोय. एकदाही चुकला नाही."

"अर्णव, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मी नाही म्हणत नाहीये. बघत राहतो ना. ही खिडकी उघडीच ठेवतो."

तो बघत राहिला तोवर काहीही झालं नाही. श्वेता खोली आणि स्टेशन यांच्यामध्ये येरझारा घालत होती. दर वेळी दोन्हीकडे आकडा तोच. जेवणाची ट्रॉली येऊन गेली. खाली हॉस्पिटलसमोरच्या धंतोलीच्या अरुंद गल्लीत अॅम्ब्युलन्स हॉर्न वाजवत अडकली होती. शेवटी अर्णव म्हणाला, "माझी मीटिंग आहे, बंद करू का? काही दिसलं तर लगेच फोन कर." ती हो म्हणाली.

आता तिनं येरझारा सोडल्या. ती स्टेशनवर उभी राहिली आणि आईला फोन लावला.

"आई, मशीनवर खाली निळा आकडा आहे, तो वाचत राहा. फोन ठेवू नको."

"काहून? मी इथं बसून पाहूनच तर राहिली."

"वाच तू."

"सत्त्याण्णव," रुखमाबाई म्हणाली. स्क्रीनवर सत्त्याण्णव. बराच वेळ तेच चाललं. बाबा गाढ झोपले होते, आकडा हलत नव्हता. मग रुखमाबाई म्हणाली, "शहाण्णव." श्वेतानं स्क्रीनकडे पाहिलं. सत्त्याण्णव.

"परत सांग."

"पंच्याण्णव झाले आता. खोकले ते, म्हणून असंन."

स्क्रीनवर सत्त्याण्णव. हिरवा, स्थिर, शेजारी 'जोडलेला आहे' असा छोटा ठिपका. तिनं बाकीच्या नावांवरून नजर फिरवली. सगळा मजला हिरवा होता. इतका वेळ तिला तो हिरवा रंग पाहून धीर यायचा. आता एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. यातले कुठले आत्ताचे आणि कुठले मघाचे, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"आई, बाबांजवळून हलू नको. मास्क पाहत राहा."

"श्वेता, काय होऊन राहिलं? सांग ना मले."

"बाहेरचा स्क्रीन खोटं सांगून राहिला आई. तू आकड्यावर नको राहू, बाबांले पाहा."

तेवढ्यात हर्षितचा फोन आला. कंपनी त्याची होती. अर्णवनं त्याला सांगितलं असणार. "श्वेता, पापा कसे आहेत? ठीक? बरं, ऐक. हे नक्की काय आहे ते कळेपर्यंत हॉस्पिटलवाल्यांसमोर बोलू नको. एकदा पॅनिक झालं ना, तर सगळे बॉक्स काढून परत पाठवतील. अजून कोणाला सांगितलं तर नाही ना?"

कौशल्या सिस्टर समोरच बसल्या होत्या आणि औषधांच्या वाट्या लावत होत्या. लावता लावता अधूनमधून मान वर करून स्क्रीन पाहत आणि परत कामाला लागत.

नोकरी जाईल, हे श्वेताला स्पष्ट दिसत होतं. घराचं भाडं, बाबांचं पुढचं औषधपाणी, सगळं त्याच नोकरीवर होतं.

"सांगते आता," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

"सिस्टर, या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. कुठल्याच पेशंटचा. आकडे अडकून राहतात आणि ते कळत नाही. प्रत्येक खोलीत माणूस पाठवा, आत्ताच."

कौशल्या सिस्टरांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वाट्यांचा ट्रे बाजूला सरकवला आणि आवाज दिला. दोन नर्स डावीकडे धावल्या, सिस्टर स्वतः उजवीकडे. श्वेता त्यांच्या मागे गेली.

पहिल्या दोन खोल्यांत सगळं बरोबर होतं. तिसऱ्या खोलीतला आकडा थोडा वेगळा होता, पण पेशंट पेपर वाचत बसला होता. कोपऱ्यातल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत एक म्हातारी बाई एका कुशीवर झोपली होती. नातेवाईक कुणी नव्हतं. मास्क उशीखाली दबला होता, ओठ जांभळट झाले होते आणि मॉनिटरवर एकोणऐंशी होता.

"यमुताई," सिस्टरांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

मग खोलीत एकदम माणसं भरली. श्वेता भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणीतरी तिला बाहेर ढकललं तेव्हा तिला कळलं की ती दारातच अडथळा होऊन थांबली होती. स्ट्रेचर आलं, यमुताईंना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. ते चाकं खडखडवत लिफ्टकडे गेलं तेव्हा श्वेतानं मागे वळून स्क्रीनकडे पाहिलं. यमुताईंच्या नावापुढे शहाण्णव होता. आताही हिरवाच.

बेसिनवर जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, मग बाबांच्या खोलीत डोकावली. बाबा जागे होते आणि रुखमाबाई त्यांचा हात धरून बसली होती. "ठीक आहे वं," शालिकराम मास्कमधून म्हणाले. "तू काहून एवढी पांढरी पडली?"

कौशल्या सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांचा स्वर बदलला होता. "जिवंत आहेत. आता मी प्रत्येक दारात एकेक माणूस बसवलाय, पण किती वेळ बसवू? हे काय आहे ते शोधा."

श्वेतानं एक रिकामी खोली मागून घेतली. तिथला मॉनिटर सुरू केला, ऑक्सिजन मोजणारा चिमटा, म्हणजे प्रोब, स्वतःच्या बोटाला लावला आणि पलंगावर आडवी झाली. फोन कानाला. एका बाजूला अर्णव, मीटिंग सोडून आलेला. बाहेर स्क्रीनसमोर सिस्टर.

"मी या बॉक्समध्ये शिरलोय," अर्णव म्हणाला. "इथून ठीक दिसतंय."

श्वेतानं प्रोब काढला. बाहेर लगेच अलार्म वाजला. परत लावला, परत काढला. परत वाजला. दर वेळी बरोबर. तिला रडू येईल असं वाटलं. जे बाबांना झालं, यमुताईंना झालं, ते तिच्या समोर यायला तयार नव्हतं.

मग तिला सकाळपासूनचं आठवलं. अर्णव बघत होता तोवर सगळं बरोबर होतं. त्यानं खिडकी बंद केली आणि त्यानंतरच आकडा अडकला.

"अर्णव, तू बघू नकोस."

"म्हणजे?"

"बाहेर पड त्यातून. हाक मारू नको त्याला. तू हाक मारतोस म्हणून तो जागा राहतो."

तो म्हणाला, "निघालो."

श्वेता निश्चल पडून राहिली. आकडा बदलू नये म्हणून ती संथ श्वास घेत होती. छताचा पंखा बंद होता. बाहेर कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला आणि गेला. खूप वेळ गेला असं तिला वाटलं. मग तिनं बोटाचा प्रोब काढून उशीवर ठेवला आणि कान दिला.

काहीच वाजलं नाही.

समोरच्या मॉनिटरवर आकड्याच्या जागी रेघ आली होती. तिनं सिस्टरांना फोन केला. "स्क्रीनवर मी कशी आहे?"

"अठ्ठ्याण्णव," कौशल्या सिस्टर म्हणाल्या. "छान आहात तुम्ही."

प्रोब उशीवर पडला होता, तिच्या बोटापासून वीतभर लांब. ती या क्षणी मेली असती तरी बाहेर ती छानच असती.

"सिस्टर, मी प्रोब काढून ठेवलाय. केव्हाचा."

सिस्टर फोन कानाला तसाच धरून तिच्या खोलीच्या दारात आल्या.

यानंतर गोष्टी भराभर उलगडल्या. गेल्या आठवड्यात अर्णवनं सगळ्या बॉक्सना नवा अपडेट दिला होता. त्यात वायफाय कार्ड चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर, तोही नवा आला होता. नव्या ड्रायव्हरमध्ये वीज वाचवण्याची सोय आपोआप सुरू होती. काही पाठवायचं नसलं की कार्ड झोपायचं आणि काही पाठवायचं असलं की ड्रायव्हर त्याला उठवायचा. पण कार्ड फार वेळ झोपलं की उठतच नव्हतं. ड्रायव्हरला मात्र वाटायचं की ते उठलं. तो आकडे त्याच्या हवाली करत राहायचा आणि ते तिथेच साचायचे. पुष्कळ वेळानं कधीतरी कार्ड अडखळून पुन्हा सुरू व्हायचं आणि मग सगळं ठीक दिसायचं.

"पण आकडे तर सारखे जातात ना?" सिस्टरांनी विचारलं. श्वेता त्यांच्या टेबलाशी बसून सांगत होती.

"बदलले तरच जातात. आकडा तोच असला तर बॉक्स काही पाठवत नाही."

"म्हणजे जो पेशंट हलत नाही, शांत पडून आहे..."

"त्याचंच कार्ड झोपतं."

सिस्टरांनी डोळे मिटले. ऑपरेशन झालेले, गुंगीत असलेले, म्हातारे. ज्यांच्यावर नजर ठेवायला हे सगळं बसवलं, नेमके तेच.

अर्णवनं ऑफिसातून सगळ्या बॉक्सवर ती सोय बंद केली. श्वेता परत पलंगावर आडवी झाली, परत संथ श्वास, परत वाट. तिनं प्रोब काढला. बाहेर अलार्म वाजला. तिनं डोळ्यांवर हात ठेवला आणि थोडा वेळ तशीच पडून राहिली.

पण तिला चैन पडेना. "एकदा वायफाय तोडून परत जोड," तिनं अर्णवला सांगितलं. "पेशंटला एक्स-रेला नेतात, आणतात. तेव्हा बॉक्स तुटून जोडला जातोच." त्यानं तसं केलं. ती परत पडून राहिली. प्रोब काढला.

काहीच वाजलं नाही.

"अठ्ठ्याण्णव," सिस्टर फोनवर म्हणाल्या.

वायफाय नव्यानं जोडलं गेलं की ड्रायव्हर ती सोय स्वतःच परत सुरू करत होता. आपण केलं ते पुरेसं आहे असं मानून मघाशीच दारातली माणसं उठवली असती तर? श्वेता तो विचार पुढे नेऊ शकली नाही. अर्णवचाही धीर सुटत चालला होता. "मी जुना ड्रायव्हरच परत टाकतो," तो म्हणाला. "आणि त्यातही ती सोय मुळापासून बंद. सुरू करू म्हटलं तरी होणार नाही."

एकेक बॉक्स बंद करून परत चालू करायचा होता. ज्या खोलीतला बॉक्स बंद, तिथे नर्स पेशंटचं मनगट धरून उभी. श्वेता प्रत्येक दारात थांबून अर्णवला 'पुढे' म्हणत होती. बाबांच्या खोलीपाशी तिला ते म्हणता येईना. रुखमाबाईच बाबांच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "कर तू. मी आहे इथं." रिकाम्या खोलीत श्वेतानं पुन्हा पुन्हा तपासलं, वायफाय तोडून, बॉक्स बंद करून, नुसतं पडून राहून. दर वेळी अलार्म वाजला.

उन्हं उतरल्यावर हर्षित स्वतः आला. तो हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांशी दार लावून बराच वेळ बोलला आणि घामानं शर्ट ओला होऊन बाहेर आला. अर्णव तोवर हेच बॉक्स बसवलेल्या बाकीच्या गावांतल्या हॉस्पिटलांना फोन करत होता. कुणी काही बोलायच्या आत कौशल्या सिस्टर हर्षितसमोर उभ्या राहिल्या. "नवा आकडा आला नाही तर जुना दाखवायचा नाही. जागा रिकामी करा, लाल करा, काहीही करा. जुना नाही चालणार मले."

"ते माझं काम आहे," श्वेता म्हणाली. "उद्याच करते."

हर्षितनं तिला बाजूला घेतलं. "बाकी सब ठीक. पण पेशंटच्या नातेवाइकांशी तू बोलायचं नाही. ते हॉस्पिटल बघेल."

पुढच्या दोन-तीन दिवसांत शालिकराम उठून बसायला लागले, भात मागायला लागले. श्वेता त्यांच्या पायाशी लॅपटॉप घेऊन स्क्रीनचं काम करत बसायची आणि मध्येच त्यांच्या छातीकडे पाहायची. मॉनिटरकडे पाहायची तिची सवय गेली होती.

घरी जायच्या दिवशी रुखमाबाई म्हणाली, "त्या यमुताईंले भेटून येऊ. इतक्या जवळ होतो आपण."

श्वेताला जायचं नव्हतं, पण ती गेली. यमुताई आता साध्या खोलीत आल्या होत्या आणि उशीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान वसंतराव संत्र्याची फोड सोलत होते. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी श्वेताला ओळखलं. सिस्टरांनी सांगितलं होतं म्हणे, की या मुलीनं आरडाओरडा केला म्हणून यमुताईंना वेळेवर पाहिलं.

"तुमचे फार उपकार आहेत," ते म्हणाले. "मीच नव्हतो ना त्या वेळी. खाली चहा घ्यायला गेलो. जाताना बाहेरच्या स्क्रीनवर हिचा आकडा पाहून गेलो होतो. चांगला दिसला. मला वाटलं, दहा मिनिटं चालेल. मुलगा फोनवर विचारतो, बाबा, तुम्ही तिला एकटीला सोडून गेलातच कसे. काय सांगू त्याला? नीट पाहिलंच नसेल मी. चष्मा जुना झालाय."

श्वेता दारात उभी होती. हर्षितचं बोलणं तिच्या कानात होतं. आई तिच्याकडे पाहत होती.

"काका, तुम्ही बरोबर पाहिलं होतं," ती म्हणाली. "स्क्रीन चुकत होता. तो आमच्या कंपनीचा आहे. मी तिथेच काम करते, तो स्क्रीन मीच केलाय. आकडा जुना होता आणि तो जुना आहे हे त्यात दिसत नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं."

वसंतरावांच्या हातातली फोड तशीच राहिली. ते रागावतील, ओरडतील, कुणाला तरी बोलावतील, असं तिला वाटलं. त्यांनी ती फोड बाजूला ठेवली.

"म्हणजे मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

"हो काका."

"मुलाला हे तुम्ही सांगाल का? माझं तो ऐकणार नाही."

"सांगते. लावा फोन."

त्यांनी खिशातून फोन काढला. बोटं ओली होती, नंबर लागेना. यमुताईंनी डोळे न उघडताच हात पुढे केला, फोन घेतला आणि मुलाला लावून श्वेताच्या हातात दिला.